‘टेक’ म्हणजे घेणे, मग ‘परीक्षा दिली’ला ‘आय टुक’ कसं?

तुमचा प्रश्न असा: ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘गिव्ह’ म्हणजे देणे, तर ‘मी परीक्षा दिली’ला ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटलं की चूक का काढतात?

कारण इथे इंग्रजी मराठीच्या बरोबर उलटं चालतं. आपल्याकडे सर परीक्षा घेतात, पोरं देतात. इंग्रजीत सर ‘गिव्ह’ करतात, पोरं ‘टेक’. ‘आय गेव्ह द एक्झाम’ ऐकून परक्या माणसाला वाटेल, हे मास्तर आहेत. तेव्हा ‘आय टुक द एसएसएलसी एक्झाम’ (एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी). कन्नडात परीक्षा ‘लिहितात’, ‘परीक्षे बरदे’. त्यामुळे बेळगाव भागात ‘आय रोट द एक्झाम’ही कानावर येतं. त्याला मी तरी चूक म्हणणार नाही, कॅनडातही तसं बोलतात.

खरी गोची वेळेची. मराठीत वेळ ‘लागतो’, कन्नडात त्याला ‘हिडी’, म्हणजे धरणे, हे क्रियापद येतं. इंग्रजीत ‘टेक’, आणि वाक्याची सुरुवात ‘इट’ने: ‘इट टेक्स फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स टू रीच खानापूर’. वेळ कोणाला लागला ते लगेच पुढे: ‘इट टुक मी अॅन अवर’. नुसतं ‘आय टुक अॅन अवर’ही बरोबर आहे, पण त्यात मीच रेंगाळलो अशी छटा येऊ शकते.

नेणे ‘टेक’, आणणे ‘ब्रिंग’: यात मराठी माणूस सहसा अडत नाही. फोटो काढणेही ‘टेक’. गोळी आपण खातो, इंग्रजीत ‘टेक’ करायची, ‘ईट’ नव्हे. ‘चहा घेणार?’ला मात्र ‘हॅव’ बरं. ‘टेक’ जुनाट वाटतं. ‘टेन्शन घेऊ नको’चं ‘डोन्ट टेक टेन्शन’ भारताबाहेर नेऊ नका, तिथे ‘डोन्ट वरी’.

‘टेक ऑफ’ नीट बघा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान ‘टेक्स ऑफ’, कर्म नाही. चपला काढताना कर्म आहे: ‘टेक ऑफ युअर चप्पल्स’ किंवा ‘टेक युअर चप्पल्स ऑफ’, दोन्ही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ साफ चूक. ‘टेक आफ्टर’ मात्र फोडता येत नाही: ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’, म्हणजे पोरगी आईवर गेलीय.

आणि ‘हॅव’नंतर ‘टेकन’च येतं, ‘टुक’ नाही.