सार्वजनिक वाचनालयात महिनाभर नेमकं काय काम चालतं? मोबाइलवर सगळं मिळत असताना वर्गणी भरावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, येता-जाता तिथे दोन-चार माणसं पेपर वाचताना दिसतात, आणि महिन्याची वर्गणी घेऊन ही मंडळी करतात तरी काय, असा तुम्हाला प्रश्न पडतो. मी अशाच एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. सभासद व्हा, असं माझं सरळ उत्तर आहे. कारणं मात्र रोजच्या कामातली देते.

सुरुवात पैशांपासून करते, कारण तिथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. शेजारच्या कर्नाटकात 1965 च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, लावला आणि त्यातून तिथली ग्रंथालयं चालतात. आपल्याकडे 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला, त्यात असा उपकर नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी लोकांनी वर्गण्या काढून वाचनालयं उभी केली होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. कायद्यानं अशा संस्थांना मान्यता आणि अनुदान द्यायची पद्धत घालून दिली. पुस्तकांची संख्या, सभासद, येणारी दैनिकं-मासिकं, रोज किती तास दार उघडं असतं, यावरून अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. राज्यात अशी 11-12 हजार वाचनालयं आहेत. अनुदान हप्त्यानं येतं. पेपरवाल्याचं बिल, वीजबिल आणि झाडलोट मात्र दर महिन्याला असते. हा खर्च भागतो वर्गणीवर. ग्रंथालय सेवकांना वेतनश्रेणी नाही, हे खरं आहे आणि ते बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. वाचनालयाचा जीव देवघेवीत असतो. संध्याकाळी सहा ते साडेसात ही आमच्याकडे गर्दीची वेळ. परत आलेली पुस्तकं मी लगेच कपाटात लावत नाही, टेबलाच्या एका बाजूला रचून ठेवते. निम्मेअधिक सभासद कपाटांकडे वळायच्या आधी त्या गठ्ठ्यात हात घालतात. कुणीतरी नुकतंच वाचून आणलंय म्हणजे बरं असणार, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. मी बघत असते ते वेगळंच. कुठलं पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आलं, म्हणजे आवडलं नाही किंवा अक्षर बारीक होतं. कुठलं पुस्तक महिनाभर आलंच नाही आणि विचारल्यावर कळलं की घरात तिघं जण वाचतायत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलेली असते. काही पट्ट्या तीन-तीनदा बदलल्यात, आणि काहींवर वर्षानुवर्षं एकही शिक्का नाही. पुढच्या महिन्यात काय विकत घ्यायचं, याचा सगळ्यात खरा पुरावा मला या पट्ट्यांवर मिळतो.

आमच्या जुन्या वाचकांची एक सवय आहे, ती बहुतेक वाचनालयांत दिसेल. एखाद्या आजींनी पुस्तक वाचलं की त्या ठरलेल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकशी खूण करतात. कुणाची 21 व्या पानावर फुली, कुणाचं 50 व्या पानावर टिंब. पुढच्या वेळी तेच पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडून बघायचं: आपलं वाचून झालंय की नाही. नियमानं पुस्तकावर काही लिहायला बंदी आहे. पेनानं लिहिणाऱ्याला मी बोलते, पण पेन्सिलीच्या या खुणा मी खोडत नाही. एका जुन्या कादंबरीच्या 21 व्या पानावर चार वेगवेगळ्या खुणा आहेत, त्यातल्या दोन कुणाच्या ते मला ठाऊक आहे. दोघींनाही ऐतिहासिक कादंबऱ्या लागतात. नवी कादंबरी आली की एकीची वाचून झाल्यावर ती मी दुसरीसाठी राखून ठेवते, दोघींची पाळी ठरलेली असते. कुणाच्या हातात काय द्यायचं हे कळणं, याला मी ग्रंथपालाचं मुख्य काम मानते.

नवं पुस्तक आलं की ते थेट कपाटात जात नाही. आधी बिलाशी ताळा. मग दाखल नोंदवहीत नोंद: दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिलाचा नंबर. शीर्षकाच्या पानावर शिक्का, आणि आतल्या एका ठरलेल्या गुप्त पानावरही शिक्का, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. मग वर्गीकरण. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक 891.46, त्यातल्या कवितेला 891.461, नाटकाला 891.462, कादंबरी-कथेला 891.463. गंमत अशी की मराठी वाचनालयात निम्म्याहून जास्त पुस्तकं या एका शेवटच्या अंकात येऊन बसतात, त्यामुळे अंक बघून कुणाला काही सापडत नाही. म्हणून आमच्यासारखी बरीच वाचनालयं कपाटं विषयानं आणि लेखकाच्या आडनावानं लावतात: सामाजिक कादंबरी, ऐतिहासिक, रहस्यकथा, चरित्र, प्रवास, विनोदी. सगळ्या नोंदी आता संगणकावरही चढवाव्या लागतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय नावाचं सॉफ्टवेअर आहे, काही ठिकाणी दुसरी आहेत. जुन्या नोंदी चढवायचं काम मात्र संपता संपत नाही, कारण ते रोजच्या देवघेवीतून वेळ काढून करायचं असतं.

खरेदीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. अनुदानातला ठरावीक वाटा पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. त्याशिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून पुस्तकं भेट मिळतात. ही संस्था 1972 ची. भेट आलेल्या पुस्तकांत चांगली असतात, पण ती आपल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली नसतात. म्हणून जी थोडी खरेदी आपल्या हातात आहे, ती वाचकाला विचारून व्हायला हवी. प्रत्येक वाचनालयात मागणीची वही असते किंवा असायला हवी. सभासदानं त्यात हवं ते पुस्तक लिहायचं, आणि महिन्याच्या बैठकीत ती वही कार्यकारी मंडळापुढे ठेवायची. आमच्या बैठकीत हिशेब आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त झालं की मी ती वही उघडते. गेल्या काही महिन्यांत शेळीपालन, ठिबक सिंचन, शेअर बाजार आणि मधुमेहातला आहार अशा मागण्या आल्या. कादंबऱ्यांपेक्षा या पुस्तकांच्या तारीखपट्ट्या लवकर भरल्या. ज्या वाचनालयात ही वही कोरी असते, तिथे खरेदी विक्रेत्याच्या गठ्ठ्यावर चालते आणि कपाटं भरून वाचक मात्र कमी होत जातात.

तुम्हाला दिसणारी ती पेपर वाचणारी माणसं सभासद असतीलच असं नाही. पेपरचा कक्ष सगळ्यांना मोफत असतो. सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले निवृत्त शिक्षक, बाजाराला आलेले शेतकरी, बसची वाट बघणारी पोरं, सगळे तिथे येतात. घरात पेपर येत नाही अशी कितीतरी घरं आहेत, आणि ज्यांच्या घरी येतो त्यांच्याकडे एक येतो, आमच्याकडे वेगवेगळ्या मतांचे पाच-सहा. महिन्याच्या शेवटी रद्दी काढायची असते, पण ती मी डोळे मिटून देत नाही. जमिनीच्या वादात, नाव बदलात, वारसाच्या कामात जुनी जाहीर नोटीस शोधत लोक येतात. एकदा एक काका दोन दिवस जुने अंक चाळत बसले होते. तारीख पक्की नव्हती, पावसाळा होता एवढंच आठवत होतं. नोटीस सापडली तेव्हा त्यांनी पानाचा फोटो काढला आणि तसेच वकिलाकडे गेले. म्हणून जिल्ह्याच्या बातम्या देणारं एक दैनिक आम्ही रद्दीत घालत नाही, महिन्याचे अंक एकत्र शिवून ठेवतो.

कार्यक्रमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वर्षातले ठरलेले दिवस आम्ही पाळतो: 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन. या दिवशी शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, आभार हे सगळं होतं आणि फोटोही निघतात. नवे वाचक त्यातून फारसे येत नाहीत. वाचक येतात ते लहान कार्यक्रमांतून. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही मुलांना सतरंजीवर बसवून एक गोष्ट अर्धीच वाचून दाखवतो आणि पुस्तक बालविभागाच्या टेबलावर ठेवतो. उरलेली गोष्ट वाचायला मुलांची रांग लागते. मोठ्यांसाठी महिन्यातून एकदा एका सभासदानं आपण वाचलेल्या पुस्तकावर वीस मिनिटं बोलायचं, पाहुणा नाही, हार नाही. मागच्या खेपेला एका एसटी कंडक्टर दादांनी प्रवासवर्णनावर बोलताना प्रत्येक घाटाची वळणं सांगितली आणि त्या आठवड्यात प्रवासाचं कपाट रिकामं झालं.

अभ्यासिकेवरून बरेच जण नाराज असतात: वाचनालयाची आता स्पर्धा परीक्षेची खोली झाली, पोरं खुर्ची अडवतात, पुस्तकं वाचत नाहीत. मला ही तक्रार पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना, पोलीस भरतीचा किंवा एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीनं जायचं कुठे? आमच्याकडे तिला दिवा, पंखा, पाणी आणि शांतता मिळते, आणि आईवडीलही निर्धास्त असतात. त्यातली काही मुलं परीक्षा झाल्यावर येऊन एखादी कादंबरी मागतात. जी मागत नाहीत त्यांचाही या जागेवर तेवढाच हक्क आहे.

काही कामं ऋतूप्रमाणे येतात. पावसाळ्यात वाळवी आणि कसर यांच्याशी झुंज: कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची, खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, ऊन पडलं की खिडक्या उघडायच्या. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची योजना, वेगळी वर्गणी, अंक लवकर परत करायचे. तेव्हा वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते आणि वर्षभर न दिसणारे सभासदही उगवतात. मार्च जवळ आला की हिशेब, लेखापरीक्षण आणि अहवालाची तयारी.

मोबाइलचं म्हणाल तर तो मीही वापरते, आणि वाचकांना त्यावर गोष्टी शोधूनही देते. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी छापलेली, पुन्हा आवृत्ती न निघालेली शेकडो मराठी पुस्तकं कुठल्याही ॲपवर नाहीत आणि दुकानातही नाहीत. ती फक्त अशा वाचनालयांच्या कपाटांत आहेत. जी वर्षानुवर्षं कुणी नेत नाही, ती जागेअभावी कधी ना कधी बाद करायची वेळ येते. तुम्ही एखादं घरी नेलंत की त्याच्या पट्टीवर एक शिक्का वाढतो आणि ते टिकतं.

जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक फोटो आणि अनामतीचे पैसे बरोबर ठेवा. सभासदत्व सोडलं की अनामत परत मिळते. पहिल्या दिवशी ग्रंथपालांना तुमच्या आवडीची दोन-तीन पुस्तकं सांगा आणि मागणीची वही मागून घ्या. त्यात तुम्हाला हवं ते एक नाव तिथेच लिहा. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि दुपारी बंद असण्याची वेळ आधी फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी मधले तीन-चार तास कुलूप असतं.