कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलीशी घरी मराठी बोलावं की कन्नड? थेरपी घरी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय: मुलगी अडीच वर्षांची, कॉक्लियर इम्प्लांटचं (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचं) मशीन चालू होऊन तीन महिने झाले, राहणं खानापूरकडे, घरी मराठी, थेरपी आणि अंगणवाडी कन्नडमधून, अजून एकही शब्द नाही.

घरी मराठीच बोला. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता दिवसभर बोलता, रागावता, लाड करता, तीच तिच्या कानावर भरपूर पडेल. थेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्या, शब्द तुमचे घाला. एक भाषा पक्की झाली की कन्नडही येईल. इम्प्लांटची मुलं दोन भाषा शिकतात.

तिचं ऐकण्याचं वय मशीन चालू झाल्या दिवसापासून मोजायचं. ऐकू येणारं बाळसुद्धा वर्षभर ऐकतं आणि मग पहिला शब्द काढतं. पण हाक मारल्यावर ती थबकतही नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता मॅपिंग (मशीनमधल्या आवाजाच्या पातळ्या तिला जुळवणं) तपासून घ्या.

रोज सकाळी मशीन लावलं की श्रवणबाधित मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची तपासणी करा: म, ऊ, आ, ई, श, स. शेजारी बसा, तोंड दिसू देऊ नका, आवाज नेहमीचाच ठेवा. आवाज ऐकला की तिने डब्यात ठोकळा टाकायचा. क्रम आणि मधली शांतता रोज बदला, नाहीतर ती न ऐकताच अंदाजाने ठोकळा टाकेल. काल ऐकू येणारे श-स आज गेले, तर आधी माइकचं कव्हर बघा. ते ओलं किंवा मळलेलं असलं की बारीक आवाज आधी जातात, आणि ‘ऊस’ तिला नुसता ‘ऊ’ ऐकू येतो. सगळंच बंद असेल तर बॅटरी, मग केबल, मग कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) बदलून पाहा. तुमच्याकडच्या पावसात तर प्रोसेसर (बाहेरून लावायचं मशीन) रोज रात्री ड्रायिंग बॉक्समध्ये (ओल शोषणाऱ्या डब्यात) गेलाच पाहिजे. वापरून टाकायच्या बॅटऱ्या मात्र आधी बाहेर काढा, त्या आत सुकून खराब होतात.

शिकवायला वेगळा तास नको. अंघोळ, भाकरी, कपडे वाळत घालणं, हेच धडे. वस्तू दाखवण्याआधी बोला: “दूध हवं?” मग पेला दाखवा, मग पुन्हा “दूध”. त्यानंतर मनात दहापर्यंत मोजा, गप्प राहा. हे गप्प राहणंच घरच्यांना सगळ्यांत अवघड जातं; आजी-आजोबांनाही सांगा, “म्हण, म्हण” करून मागे लागायचं नाही. टीव्ही बंद ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर तिला मांडीवर घेऊन इम्प्लांटच्या बाजूने, जवळून बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्दाचा आकार बिघडतो.

मराठीत एक खास अडचण आहे. डब्यात, डब्यावर, डब्याला यांतला शेवटचा तुकडा आपण हळू उच्चारतो आणि तोच तिच्या कानातून निसटतो. तिथे किंचित थांबून स्पष्ट बोला: “चमचा डब्या-त आहे.” दोन-तीनदा असं, मग नेहमीसारखं.

मशीन जागेपणी पूर्ण वेळ हवं, निदान दहा तास. बऱ्याच प्रोसेसरमध्ये वापराचे तास नोंदलेले असतात. पुढच्या मॅपिंगला ऑडिओलॉजिस्टकडे तो आकडा मागा आणि सहापैकी कुठले आवाज कधी चुकले तेही लिहून न्या.