न उडता परत आलेला मुलगा

"मॅडम, आम्ही काय कमी केलं याला?" उंच कडे चढणाऱ्या, विमानातून उड्या मारणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले की हा प्रश्न येतोच. इतक्यांदा ऐकलाय, म्हणून एक अनुभव लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा २८ वर्षांचा, नोकरी उत्तम, सुट्टीत पॅराग्लायडिंग, म्हणजे मोठ्या कापडी पंखाला (विंग) अंगावरच्या पट्ट्यांनी (हार्नेस) जोडून घेऊन डोंगरावरून उडणं. त्याला जिवाची पर्वाच नाही, ही आईची खात्री. पहिल्या तीन भेटी मी "का उडतोस?" यातच घालवल्या. तो खांदे उडवायचा, आई डोळे पुसायची. कबूल करते, माझ्या वहीतही 'थ्रिलची ओढ' असंच लिहिलेलं होतं. मानसशास्त्रज्ञ झुकरमन आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ही ओढ मोजायची प्रश्नावली केली, तेव्हापासून आम्हा मंडळींना हे उत्तर फार सोयीचं झालंय.

चौथ्या भेटीत विचारलं, "न उडता शेवटचा कधी परत आलास?"

तो एकदम सावरून बसला. "मागच्याच महिन्यात. विंग पसरली होती, हार्नेस चढवलं होतं. वारा मधेच उसळत होता. दोन तास वाट बघितली, मग विंग गुंडाळली आणि चालत खाली आलो."

"हे मला नाही सांगितलंस," आई.

"उडालोच नाही, त्यात सांगायचं काय?"

"आणि ऑफिसात 'आज नको' म्हणता येतं?" मी विचारलं.

तो हसला. "तिथं टार्गेट वरून येतं. डोंगरावर ठरवणारा मी. जमलं की लगेच कळतं, चुकलं तरी लगेच." मग जरा थांबून, "आणि उडण्याआधी आम्ही एकमेकांचे मांडीचे पट्टे ओढून बघतो. ते लावायचे राहिले तर माणूस हार्नेसमधून निसटू शकतो."

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतावर माझा जीव आहे, लपवत नाही. आपला निर्णय आपल्या हाती असणं, अंगात कसब येत असल्याची जाणीव आणि आपली वाटणारी माणसं, या मनाच्या तीन भुका ते सांगतात. या पोराने त्या पुस्तक न उघडता मांडल्या. थरार होताच, पण नुसत्या थरारासाठी जाणारा दोन तास बसून परत फिरत नाही. तो प्रश्न मला सुचला याचं आजही बरं वाटतं.

म्हणून पालकांना सांगते, "का जातोस?" सोडा, "कधी माघारी फिरलास?" विचारा. उत्तर सहज आलं तर निम्मी काळजी हलकी होते. पण व्हिडिओसाठी, कुणाला दाखवून देण्यासाठी किंवा नाही गेलो तर मान खाली जाईल म्हणून जात असेल, तर जरूर घेऊन या. तिथे निर्णय त्याचा उरलेला नसतो. आणि हो, अपघात कसबी माणसांनाही होतात; खोटा दिलासा मी देत नाही.

त्या आईला झोप अजून लागत नाही. पण आता तो निघाला की ती अडवत नाही, फक्त विचारते, "पट्टे कोण बघणार आहे?"