वाचकांचे प्रश्न: लेबकुखन दगडासारखे का झाले?

प्रश्न: मुलगा जर्मनीत शिकतो. गेल्या नाताळात त्याने न्यूर्नबर्गचे लेबकुखन (तिकडचा नाताळचा मसालेदार गोड खाऊ) आणले होते, केकसारखे मऊ. मी मैदा, मध, बेकिंग पावडर घेऊन तसेच करायला गेले. चांगले लालसर होईपर्यंत भाजले, पण गार झाल्यावर दात लागेनात. काय चुकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, तुमच्या हाताचा दोष नाही. तुम्ही केलात तो मधाचा प्रकार. तो पहिल्या दिवशी कडकच असतो आणि डब्यात आठवडा-दोन आठवडे राहिला की मऊ पडतो. त्यातून तुम्ही बिस्किटासारखा लाल केलात, म्हणून दगड झाला. मुलाने आणले ते बहुधा एलिझेन लेबकुखन. त्यात मैदा जवळजवळ नसतोच. बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून किमान 25 टक्के आणि पीठ फार तर 10 टक्के, असा तिथला नियमच आहे. मऊपणा येतो तो सुक्या मेव्याच्या तेलातून.

मी एर्लांगेनला राहते, न्यूर्नबर्गच्या अगदी शेजारी. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला हे शिकवलं. 2 अंडी आणि 100 ग्रॅम साखर फेस येईपर्यंत फेटा. त्यात 200 ग्रॅम बदाम-अक्रोडाची भरड घाला. (हेझलनट नाशकात महाग पडतील, हट्ट नको.) मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. मग साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल 75 ग्रॅम, अगदी बारीक चिरून. इथे टुटीफ्रुटी अजिबात चालणार नाही, ती पपईची असते आणि तिला सालीचा कडवटपणा नसतो. साल घरीच करा: दोनदा पाणी बदलून उकळा, मग पाकात शिजवा.

मसाल्यात दालचिनी दीड लहान चमचा, धनेपूड, सुंठ आणि वेलची पाव-पाव चमचा, लवंग-जायपत्री चिमूटभर. गोडात धने वाचून थबकू नका, त्यांच्याशिवाय तो वास येत नाही. वेलची, लवंग, दालचिनी व्हेनिसमार्गे न्यूर्नबर्गला पोचायची आणि मध शहराबाहेरच्या जंगलातून यायचा. लेबकुखन करणाऱ्याची तिथली नोंद 1395 सालची आहे.

मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तिकडे ते ओब्लाटेवर थापतात, म्हणजे चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तशी पातळ पांढरी चकती. ती नसेल तर बटर पेपर. सुरी पाण्यात बुडवून आजी मधे उंच, कडेला उतरता असा घुमट करायच्या. साधारण 12 होतात. थापल्यावर तासभर उघडे ठेवा, वरची कातडी सुकली पाहिजे. ओव्हन 150 अंशांवर, 20 ते 25 मिनिटं.

खरी गोम पुढे आहे. पहिल्या वेळी 20 मिनिटांनी बोट लावलं तर मला ते कच्चेच वाटले, म्हणून मी ट्रे परत आत सारायला निघाले. आजींनी माझं मनगट धरलं. एका लेबकुखनवर बोट दाबून खळगा दाखवला आणि म्हणाल्या, हा पडतोय तोवरच बाहेर काढायचं. गार झाल्यावर मोडून पाहिलं तर कड घट्ट आणि आतला भाग ओलसर, तुमच्या मुलाने आणले होते अगदी तसा.

कोमट असतानाच पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचा पातळ थर द्या, आणि पूर्ण गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरा. चव तिसऱ्या दिवसापासून खुलते.

आधीचे कडक झालेले टाकू नका. त्यांच्या डब्यात सफरचंदाची एक फोड बटर पेपरवर ठेवा आणि रोज बदला, आपल्या हवेत बुरशी लवकर धरते. चार-पाच दिवसांत दात लागतील.