लूप देखणा आलाय, पण चिमटा कशाचा होता?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला तू झिंक ऑक्साइडमध्ये कोबाल्ट घालून नॅनोपावडर केलीस, खोलीच्या तापमानाला फेरोमॅग्नेटिक लूप (पदार्थ लोखंडासारखा चुंबकी असल्याचं दाखवणारा आलेख) मिळाला, नेटमध्ये जेआरएफही (पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती) निघाली. आता दोन गाईड तुला घ्यायला तयार आहेत. एकाकडे अशाच पावडरी आणि भराभर पेपर. दुसऱ्याकडे स्पिनट्रॉनिक्स (इलेक्ट्रॉनच्या चुंबकी गुणावर, स्पिनवर, चालणारी उपकरणं), पण "पहिली दोन वर्षं हाती काही लागणार नाही" असं त्यांनी तोंडावर सांगितलंय. मी वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय.

आधी तुझ्या लूपबद्दल. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायचं यंत्र) नमुना न ठेवता रिकामा होल्डर मोजला होतास का? पावडर कशाने उचललीस?

उगाच खोड काढत नाहीये. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या फिल्मचा असाच सुरेख लूप आला. मी लॅबभर पेढे वाटायचा बाकी होतो. गाईड एवढंच म्हणाले, "नुसता सबस्ट्रेट मोज," म्हणजे फिल्मखालची कोरी काच. मोजला, तर तोच लूप! स्टीलच्या चिमट्याने काचेच्या कडेला लोखंड घासलं जात होतं. पातळ फिल्मचा सिग्नल असतो साधारण 10⁻⁵ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक), आणि तेवढ्याला एका मायक्रोग्रॅमचा विसावा भाग लोखंड पुरतं. डोळ्याला दिसणारही नाही. तीन महिने पाण्यात गेले. तेव्हापासून माझ्या खिशात प्लास्टिकचा चिमटा असतो, बायको अजून हसते.

मोठ्यांचीही अशीच फजिती झालीय. 2000 साली पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ डिट्ल आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं, की मँगनीज घातलेलं झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानाला फेरोमॅग्नेटिक असू शकेल. मग पेपरांचा पूर आला. 2004 मध्ये एरवी चुंबकी नसलेल्या हाफनियम ऑक्साइडमध्येही चुंबकत्व सापडल्याचं छापून आलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या गटाने दाखवलं, की स्वच्छ फिल्ममध्ये ते नसतं, पण स्टीलच्या चिमट्याने हाताळली की येतं. तुझ्या पावडरीत चिमट्याखेरीज कोबाल्ट धातूचे बारीक पुंजकेही असू शकतात, आणि तो धातू स्वतःच चुंबकी. एक-दोन टक्क्यांखालचा वेगळा पदार्थ एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) बहुधा दिसत नाही, त्यामुळे "पीक आलं नाही" हा पुरावा धरू नकोस.

म्हणून गाईड निवडताना पेपर मोजण्यापेक्षा, त्या लॅबमध्ये रिकामा सबस्ट्रेट मोजतात का ते बघ. पावडरीचं काम हलकं असतं असं अजिबात नाही. आपल्याकडे कोल्हापूरला रासायनिक पद्धतींनी पातळ फिल्म करणारी मंडळी किती काटेकोर असतात ते मी पाहिलंय. पण "नॅनो" हा शब्द शीर्षकात चिकटवून वर्षाला तेच ते चार आलेख काढणारेही आहेत.

दुसरे गाईड दोन वर्षं म्हणाले ते खरं बोलले. स्पिनट्रॉनिक्समधलं मुख्य उपकरण म्हणजे टनेल जंक्शन; त्यात दोन चुंबकी थरांच्या मधला इन्सुलेटर जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा. त्यात एक छिद्र राहिलं की सगळं शॉर्ट. थरांच्या चुंबकत्वाची दिशा बदलली की जंक्शनचा विद्युतरोध बदलतो, हा परिणाम 1975 मध्ये ज्युलिएरने 4.2 केल्विनला, म्हणजे अतिथंडीत, दाखवला. खोलीच्या तापमानाला तो नीट मिळायला 1995 उजाडलं: जपानच्या तोहोकू विद्यापीठात मियाझाकी, एमआयटीत जगदीश मूडेरा, जे मद्रास आयआयटीतून पीएचडी करून गेले होते. वीस वर्षं, तीही मुख्यतः मधला थर धड बनवण्यापायी. आणि बनल्यावरही हाताला अर्थिंगचा पट्टा न बांधता वायर बाँडिंगला (उपकरणाला बारीक तारा जोडायला) बसलास, तर तुझ्या अंगातली स्थिर वीज महिन्याभराची मेहनत क्षणात जाळते.

त्यांच्याकडे एमबीई (निर्वातात अणूंचे थर हळूहळू वाढवणारं महागडं यंत्र) नाही म्हणून बिचकू नकोस. फर्ट आणि ग्रुनबर्ग यांनी 1988 मध्ये जीएमआर (चुंबकी थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्राने खूप बदलणं) शोधला तो एमबीईने वाढवलेल्या थरांत, पण पार्किनने आयबीएममध्ये तेच साध्या स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर बसवायची पद्धत) करून दाखवलं. 1997 मध्ये जीएमआर हार्ड डिस्कच्या हेडमध्ये पोचला तो त्या वाटेने. लिथोग्राफी (थरावर बारीक आकार कोरायची सोय) नसेल तर आयएनयूपी या सरकारी योजनेतून पवई किंवा बंगळूरच्या क्लीनरूममध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना काम करता येतं. गाईड त्यासाठी पाठवतात का, ते थेट विचार. स्पटरिंगच्या चेंबरशेजारची लॉगबुकही उघडून बघ. शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर नमस्कार करून परत ये.

वडिलांना सांग: जेआरएफ दरमहा 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच शिष्यवृत्तीची पुढची पायरी) झाल्यावर 42,000, घरभाडं वेगळं. पैसे उशिरा येतात, तेव्हा सुरुवातीच्या काही महिन्यांची सोय करून जा. नोकरी स्पिनट्रॉनिक्सच्या नावावर क्वचित मिळेल. व्हॅक्यूम, स्पटरिंग, लिथोग्राफी हातात असलेल्या माणसाला मात्र चिपवाले विचारतात.

मी दुसऱ्या गाईडकडे गेलो असतो. पण त्याआधी विद्यापीठात जाऊन रिकामा होल्डर मोज आणि तो आलेख इथे टाक.