दोरी बांधलीय, पण ओढून बघितलीय का? लॅन्यार्ड किल स्विचबद्दल प्रश्नोत्तरे

डर्टबाईकच्या वायरिंगबद्दल लिहायला लागल्यापासून किल स्विचच्या दोरीवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त तेवढेच घेतलेत. ही दोरी म्हणजे लॅन्यार्ड: एक टोक तुमच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला एक छोटी टोपी, ती हँडलवरच्या इंजिन बंद करणाऱ्या (किल) स्विचवर बसते.

प्रश्न: हँडलवर लाल बटण आहेच की, मग वेगळी दोरी कशाला?

कारण पडताना तुमचा अंगठा त्या बटणापर्यंत पोचत नाही. चढावर पुढचं चाक उचललं गेलं की माणूस मागे फेकला जातो, हात हँडल सोडत नाही, मनगट आपोआप मागे वळतं आणि रेस कमी व्हायच्या ऐवजी वाढतच जाते. त्या क्षणी बटण शोधायचं भान कुणालाच नसतं, अनुभवी माणसालाही नसतं. दोरीला भान लागत नाही, तुम्ही गाडीपासून लांब गेलात की टोपी निघते आणि स्पार्क बंद.

प्रश्न: माझ्या ॲडव्हेंचर बाईकला आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर आहे. तेवढं पुरे ना?

नाही. तो सेन्सर गाडी आडवी झाल्यावर काम करतो, तुम्ही खाली आणि गाडी उभीच पुढे पळतेय तेव्हा त्याला काही कळत नाही.

प्रश्न: दोरी डाव्या हाताला की उजव्या?

ज्या बाजूला दोरी लिव्हरमध्ये आणि केबलमध्ये अडकत नाही त्या बाजूला. स्पर्धेत उतरणार असाल तर नियमपुस्तक आधी वाचा, आंतरराष्ट्रीय ट्रायल्स (अडथळ्यांवरून पाय न टेकता गाडी नेण्याची स्पर्धा) आणि स्पीडवेमध्ये (मातीच्या गोल ट्रॅकवरची शर्यत) दोरी सक्तीची आहे आणि तपासणीच्या वेळी आयोजक सांगतील तेच धरायचं.

प्रश्न: ऑनलाइन 'युनिव्हर्सल' स्विच मागवला, दोनच वायरी होत्या, मित्राने लावून दिला. गाडी व्यवस्थित चालू होते, म्हणजे बरोबर लागलाय ना?

गाडी चालू होते यावरून स्विचबद्दल काहीच सिद्ध होत नाही. स्विचचं काम गाडी चालू करणं नाहीये, बंद करणं आहे, आणि ते तुम्ही एकदाही बघितलेलं नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, म्हणून नीट सांगतो. स्विच दोन जातीचे असतात. पहिल्यात टोपी निघाली की दोन वायरी एकमेकींना जुळतात आणि इग्निशन अर्थ होऊन स्पार्क मरतो, हा बिनबॅटरीच्या, मॅग्नेटो-सीडीआयवाल्या (इंजिन फिरतं त्यावरच स्पार्कची वीज बनवणाऱ्या) गाड्यांसाठी. दुसऱ्यात टोपी निघाली की दोन वायरींमधला जोड तुटतो आणि करंट थांबतो, हा बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांसाठी. दिसायला दोन्ही सारखेच, वायरी दोनच, आणि विकणारा पाकिटावर 'सर्व गाड्यांना चालतो' छापून मोकळा होतो. सर्व गाड्यांना चालेल असा दोन वायरींचा स्विच असूच शकत नाही, एवढं त्या पाकिटावर विश्वास ठेवण्याआधी लक्षात घ्या.

आता चुकीचा लागला तर काय होतं बघा. तोडणारा स्विच मॅग्नेटोच्या किल वायरमध्ये (लाल बटणाकडे जाणारी, अर्थ झाली की स्पार्क मारणारी वायर) मध्येच जोडला तर टोपी असताना सगळं झकास, गाडी चालू, लाल बटणसुद्धा काम करतं. टोपी निघाली की त्या किल वायरचाच जोड तुटतो, म्हणजे इंजिन चालूच राहतं आणि वर लाल बटणही मेलं! पडलात की नेमकं तेव्हाच दोन्ही उपाय गेले. उलटीकडे जोडणारा स्विच बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या मध्ये लागला तर टोपी ओढली की सरळ शॉर्ट, नशीब असेल तर फ्यूज जाईल, नाहीतर वायर जळेल.

आणि बरोबर लागलेला असला तरी विषय संपत नाही. तोडणाऱ्या जातीत वायर तुटली तर गाडी बंद पडते, निदान कळतं तरी. जोडणाऱ्या जातीत वायर तुटली, कनेक्टरमध्ये चिखल-पाणी गेलं, अर्थचा स्क्रू गंजला, तर गाडी छान चालत राहते आणि स्विच मेलाय हे तुम्हाला पडल्यावर समजतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवताना स्टीअरिंगपाशी वायर रोज वाकत असते, ती तिथे तुटणं यात नवल काहीच नाही. म्हणून प्रत्येक राईडच्या आधी, म्हणजे खरंच प्रत्येक वेळी, गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही वेळा दोरी ओढायची. इंजिन लगेच मेलं पाहिजे. जरा जरी रेंगाळलं तरी त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही.

तुमच्या गाडीचं वायरिंग डायग्राम आणि मल्टिमीटर हातात असलेल्या मेकॅनिककडून एकदा तपासून घ्याच. मित्राने मनापासून लावून दिला असेल पण त्याने डायग्राम बघितला होता का ते विचारा.

प्रश्न: दोरीने सारखं इंजिन बंद केलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) उडतो असं ऐकलंय, खरं का?

नाही. बरोबर जोडलेली दोरी लाल बटणापेक्षा वेगळं काही करत नाही, हे सांगणाऱ्याला बटणाची भीती का वाटत नाही ते विचारून बघा.

प्रश्न: माझी दोरी चढावर मध्येच सुटते आणि गाडी बंद पडते, म्हणून सध्या हँडलला गुंडाळून ठेवलीय. सीझन संपला की बघतो.

सीझन संपल्यावर बघून काय उपयोग, पडणार तुम्ही सीझनमध्ये आहात. गुंडाळलेली दोरी म्हणजे स्विच नसल्यातच जमा.

तक्रार मात्र खरी आहे आणि धोक्याची आहे, अवघड चढावर अचानक इंजिन मेलं तर गिअरमध्ये मागचं चाक ओढ घेतं आणि गाडी मागे यायला लागते. आधी लांबी बघा. कुणाला तरी गाडी धरायला सांगून फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहा, उतारावर जाता तसे पार मागे सरका, हँडल टोकापर्यंत वळवा, तरी दोरी ताणली नाही पाहिजे. ताणत असेल तर स्प्रिंगसारखी गुंडाळीची दोरी घ्या किंवा स्विच हँडलवर थोडा सरकवा, पण गाठी मारून जोड देऊन वाढवू नका आणि इतकी लांबही नको की पडल्यावर गाडी तुमच्या अंगावर असताना टोपी जागच्या जागीच राहील. टोपी मॅग्नेटची असेल तर ती पुसा, मॅग्नेटला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो आणि टोपी नीट बसत नाही, मग धक्क्याने निघते. एवढं करूनही सुटत असेल तर स्विच बदला, आणि तो बसवताना मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न: स्पेअर टोपी ठेवावी का?

हो, पण खिशात. ग्रुपमध्ये एकाकडे तरी हवी, कारण जखमी माणसाला नेताना त्याच्या मनगटाची टोपी त्याच्याबरोबरच जाते आणि गाडी तिथेच राहते.

प्रश्न: टू-स्ट्रोक आहे, परवा दोरी ओढली तरी इंजिन बंद झालं नाही, रेस वाढतच गेली. मग दोरीचा उपयोग काय?

आधी स्विच चालतो का ते बघा, वर सांगितलंय तसं. तो ठीक असेल तर तुमचं इंजिन स्पार्कशिवाय पेटतंय, खूप तापलेल्या टू-स्ट्रोकमध्ये हे होतं, बऱ्याचदा कुठून तरी जास्तीची हवा ओढली जात असते, क्रँकचं सील किंवा मॅनिफोल्ड. अशा वेळी क्लच दाबून गाडी थांबवा, ब्रेक घट्ट धरून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून मारा. पण हे तेवढ्यापुरतं. लीक टेस्ट (हवा कुठून ओढली जाते याची तपासणी) केल्याशिवाय ती गाडी पुन्हा चालवू नका, पिस्टन जाईल तो जाईल, तुम्हीही जाल.

प्रश्न: मुलासाठी इलेक्ट्रिक डर्टबाईक घेतोय. आवाज नाही, वेग कमी, हिला दोरी लागते का?

हिलाच जास्त लागते. पेट्रोलची गाडी चालू आहे हे कानाला कळतं, ही शांत उभी असते आणि पोरगं पडलेली गाडी उचलायला गेलं की हात थ्रॉटलवर पडतो आणि गाडी उडी मारते. वेग कमी असला तरी मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो. म्हणून पडल्यावर आधी टोपी निघाली का ते बघायचं आणि मगच गाडीला हात लावायचा, हे मुलाला पहिल्या दिवशी शिकवा, आणि स्वतःही पाळा. कंपनीने दोरी दिली नसेल तर बॅटरीची जाड केबल कापून मध्ये स्विच टाकायचा प्रयत्न अजिबात करू नका, त्या करंटने छोटा स्विच चिकटून बसतो किंवा जळतो. कंट्रोलरला (मोटरला करंट देणाऱ्या डब्याला) कट-ऑफचा वेगळा कनेक्टर आहे का ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा आणि त्यांच्याकडूनच बसवून घ्या. आणि हे घेण्याआधी विचारा.