शेजारचा फ्लॅट दिवसाच्या भाड्याने: पालिका काय करू शकते?

प्रश्न : आमच्या इमारतीतले तीन फ्लॅट आता पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिले जातात. दर दोन-तीन दिवसांनी नवी माणसं, मध्यरात्री जिन्यात बॅगांचा खडखडाट, दाराबाहेर कचऱ्याच्या पिशव्या. एका फ्लॅटमधल्या भाडेकरू कुटुंबाला करार संपताच घर सोडावं लागलं. मालक म्हणतो, ‘घर माझं आहे.’ पालिका यावर सरसकट बंदी घालू शकते का?

उत्तर : घर त्याचंच आहे, पण निवासी म्हणून मंजूर झालेल्या जागेचा वापर कसा व्हावा, यात पालिकेलाही अधिकार असतो. घरात छापखाना काढता येत नाही तो याच अधिकारामुळे. मात्र हा अधिकार पालिकेला वरच्या कायद्यातून मिळतो आणि वरचं सरकार तो काढूनही घेऊ शकतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये तेच केलं. तिथे १ जून २०११ पूर्वीचे स्थानिक नियम टिकले, पण त्यानंतर एकाही शहराला नवी बंदी घालता आली नाही. म्हणून मोर्चा काढण्याआधी तुमच्या राज्याचा कायदा वाचा.

अधिकार असला, तरी नियमाची शब्दरचना कोर्टात टिकावी लागते. अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्स शहराने निवासी भागात घर दिवसाच्या भाड्याने देण्याचा परवाना फक्त तिथल्या रहिवाशांनाच द्यायचा असं ठरवलं. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ती अट रद्द केली, कारण ती बाहेरच्या राज्यातल्या मालकांशी भेदभाव करत होती. त्यानंतर शहराने परवाने संख्येने मर्यादित करण्याचा मार्ग धरला. मालक कुठला हे न बघता घराचा वापर बघितला, तर नियमाचा पाया जास्त भक्कम राहतो. पॅरिसच्या बाबतीत युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं की कायमच्या राहण्याच्या घरांची टंचाई हे अशा भाड्यासाठी पूर्वपरवानगी मागायला पुरेसं सार्वजनिक कारण आहे. तुमच्या इमारतीतून बाहेर पडलेलं कुटुंब म्हणूनच माझ्या दृष्टीने कचऱ्याच्या पिशव्यांपेक्षा मोठा मुद्दा आहे. पालिकेकडच्या अर्जात तो सर्वांत वर लिहा.

आता ज्या गोष्टीवर मी हटून बसते ती सांगते. नगरनियोजनाची प्रकरणं हाताळताना कागदावर कडक आणि रस्त्यावर शून्य असे नियम मी खूप पाहिलेत. न्यूयॉर्कमध्ये २०१० च्या राज्य कायद्यानेच बहुतेक निवासी इमारतींत ३० दिवसांहून कमी मुदतीचं भाडं बेकायदा ठरवलं होतं, घरात कायमचा रहिवासी हजर असेल तर गोष्ट वेगळी. तरी हजारो जाहिराती राजरोस चालू होत्या. कारण उघड आहे: निरीक्षकाने दार वाजवायचं, आतला पाहुणा म्हणणार ‘मी मालकाचा मित्र’, पुरावा संपला. मग सप्टेंबर २०२३ पासून शहराने स्थानिक कायदा १८ ची अंमलबजावणी सुरू केली. यजमानाने नोंदणी करायची आणि घरांचं बुकिंग घेणाऱ्या संकेतस्थळाने ती नोंदणी तपासल्याशिवाय पैसेच स्वीकारायचे नाहीत, नाहीतर दर व्यवहारामागे १,५०० डॉलरपर्यंत दंड. त्यानंतर अल्पमुदतीच्या जाहिराती झपाट्याने ओसरल्या. काही मालकांनी तीच घरं ३० दिवसांपुढच्या भाड्याला लावली.

या जबाबदारीतून संकेतस्थळांनाही सहज सुटता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराने नोंदणी नसलेल्या घरांचं बुकिंग करायला संकेतस्थळांना मनाई केली, तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१९ मध्ये अपिलात हरल्या.

तेव्हा पालिकेकडे आधी बंदी मागू नका. प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक, तो जाहिरातीत छापण्याची सक्ती आणि बुकिंगची माहिती पालिकेला देण्याचं बंधन, एवढं मागा. वर्षाला किती रात्री, किती पाहुणे, तक्रार आल्यावर फोन कोण उचलणार, या अटी त्यानंतरच्या. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे, पण बुकिंगची माहिती हातात नसेल तर त्या रात्री मोजणार कोण?

प्रश्न : मी एकटी राहते. घरातली एक खोली पाहुण्यांना देते, त्यावर माझा खर्च भागतो. मलाही याच नियमांत ओढणार का?

उत्तर : ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही घरात असता, गोंधळ झाला तर सगळ्यात आधी तुम्हालाच त्रास होतो, आणि एकही घर राहणाऱ्यांच्या हातून जात नाही. सँटा मोनिकाने पूर्ण घर देण्यावर बंदी घातली, तरी यजमान हजर असेल तर परवाना घेऊन खोली देऊ दिली. न्यूयॉर्कमध्येही यजमान घरात राहत असेल तर दोन पाहुणे चालतात. नोंदणी मात्र तुम्हीही करा. तुमच्याकडे पालिकेच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी आला, तर ‘यजमान घरात राहत असल्यास’ ही सवलत त्यात स्वतंत्र कलम म्हणून आहे का ते तपासा, आणि नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवून पोच घ्या.